बरं झाल्यावरही आतच

येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची क्षमता २,५४० खाटांची. इथला अवघड पेच कित्येकदा आजाराचा नसतोच. माणूस बरा होतो, पण न्यायला कुणी येत नाही. दाखल करताना दिलेल्या पत्त्यावर घरचे सापडत नाहीत; सापडले तरी नको म्हणतात.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ इथे स्पष्ट आहे. घर नाही किंवा घरचे स्वीकारत नाहीत, एवढ्याच कारणासाठी कुणाला रुग्णालयात ठेवता येत नाही, असं कलम १९ सांगतं. मग जायचं कुठे? सरकारने उभारायची ‘हाफवे होम्स’, म्हणजे रुग्णालय आणि घर यांच्या मधली निवासस्थानं, गरजेच्या मानाने फार तोकडी आहेत, आणि ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

पुण्याचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. सौमित्र पठारे यांचा या कायद्याच्या घडणीत मोठा वाटा. साखळदंड, भूल न देता शॉक, सक्तीचं मुंडण यांवर कायद्याने बंदी आणली. ती उगाच नाही: २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडी इथल्या मनोरुग्णांच्या आश्रमाला लागलेल्या आगीत साखळीने बांधलेल्यांना पळता आलं नाही, २८ जण गेले.

याच कायद्यानुसार, आजारपणात आपल्या वतीने जो बोलेल, तो प्रतिनिधी साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आधीच नेमता येतो. फार थोड्या घरांना हे ठाऊक आहे.