मनःशांती

विकारांच्या क्षोभापासून मुक्त असलेली मनाची स्थिर, प्रसन्न व सावध अवस्था. दुःखाचा अभाव किंवा भावनांची बधिरता म्हणजे मनःशांती नव्हे. सुखदुःखाचे प्रसंग येत असतानाही विवेक ढळू न देण्याचे सामर्थ्य या संज्ञेने सूचित होते. ही अवस्था आपोआप लाभत नाही. विचारांना जाणीवपूर्वक वळण लावल्याने ती क्रमाक्रमाने साध्य होते, अशी अनेक धर्मपरंपरांची धारणा आहे.

भारतीय विचार : पतंजलीच्या योगसूत्रांत चित्ताच्या प्रसन्नतेसाठी सुखी माणसांविषयी मैत्री, दुःखितांविषयी करुणा, पुण्यवंतांविषयी मुदिता (आनंद) आणि अपुण्यवंतांविषयी उपेक्षा अशा चार भावना सांगितल्या आहेत. बौद्ध परंपरेत याच नावांच्या चार भावनांना ‘ब्रह्मविहार’ म्हणतात. तेथे उपेक्षेचा अर्थ समवृत्ती असा आहे. हिंसा, असत्य इ. प्रवृत्ती मनात उद्‌भवल्यास त्यांच्या विरोधी चिंतन करावे, यास योगसूत्रांत ‘प्रतिपक्षभावना’ अशी संज्ञा आहे. केवळ सुखद कल्पना मनात आणणे असा तिचा अर्थ नाही. दुष्प्रवृत्तीची परिणती दुःखात व अज्ञानात होते, हे ध्यानात आणणे हा तिचा गाभा होय. मन चंचल असले, तरी अभ्यास व वैराग्य यांनी ते आवरता येते, असे भगवद्‌गीतेत प्रतिपादिले आहे. मराठीत समर्थ रामदासांनी (१६०८–८१) २०५ मनाच्या श्लोकांत प्रत्यक्ष मनालाच संबोधून हाच उपदेश सर्वसामान्यांपर्यंत पोहोचविला.

खानदेशातील परंपरा : या विषयाचे मराठीतील दोन महत्त्वाचे आविष्कार खानदेशात घडले. त्यांपैकी एक लोकजीवनातून आलेला आहे. जळगावजवळील असोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. फैजपूर, यावल, जळगाव या परिसरातील लेवा समाजाच्या बोलीत त्यांनी मनाविषयी रचना केली. उभ्या पिकात शिरणाऱ्या आणि कितीही हाकलले तरी परतून येणाऱ्या गुराची उपमा त्यांनी मनास दिली आहे. मन एकदाच जिंकता येत नाही, त्याची राखण नित्य करावी लागते, हा शास्त्रग्रंथांतील आशय या उपमेत शेतकऱ्याच्या रोजच्या अनुभवातून व्यक्त झाला आहे.

दुसरा आविष्कार धुळ्याच्या तुरुंगातील. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत तेथे बंदिवान असताना विनोबा भावे (१८९५–१९८२) यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. सहबंदी साने गुरुजी (१८९९–१९५०) यांनी ती लिहून घेतली आणि पुढे ती गीता-प्रवचने  या नावाने ग्रंथरूप झाली. सहाव्या अध्यायाच्या विवरणात विनोबांनी ध्यानाची तीन अंगे सांगितली आहेत : चित्ताची एकाग्रता, तिला पोषक अशी जीवनाची परिमितता आणि सृष्टीकडे पाहण्याची मंगल दृष्टी. आहार, निद्रा, वाणी, दृष्टी यांत प्रमाण नसेल, तर एकाग्रता टिकत नाही; आणि भोवतालचे जग वैरी वाटत असेल, तर चित्त निश्चिंत होत नाही. शुभ विचाराला दिनचर्येतील संयमाचा आधार लागतो, हा या विवेचनाचा विशेष म्हणता येईल.

ही शांती लोकव्यवहारापासून दूर नेणारी नव्हती. राष्ट्रीय सभेचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली फैजपूर येथे भरले, तेव्हा त्याच्या तयारीसाठी साने गुरुजींनी खानदेशात गावोगावी प्रचार केला. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे, म्हणून त्यांनी १९४७ मध्ये उपोषण केले. मैत्री व करुणा या भावना त्यांच्या बाबतीत अशा रीतीने सामाजिक कृतीत उतरल्या. तथापि ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःचे जीवन संपविले. इतरांना आधार देणाऱ्या व्यक्तीलाही स्वतःच्या वेदनेत आधाराची गरज असते, याचे भान हे चरित्र देते.

आधुनिक विचार : एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत उदयास आलेल्या ‘नवविचार’ चळवळीने विचारांच्या सामर्थ्यावर भर दिला. नॉर्मन व्हिन्सेंट पील यांच्या १९५२ मधील ग्रंथाने ‘सकारात्मक विचार’ हा शब्दप्रयोग लोकप्रिय केला. ॲरन बेक (१९२१–२०२१) यांनी १९६० नंतर विकसित केलेल्या बोधात्मक उपचारपद्धतीची भूमिका मात्र वेगळी आहे. मनात आपोआप येणारे विचार वस्तुस्थितीशी ताडून पाहण्यास ती शिकविते. दुःखद विचाराच्या जागी सुखद विचार बसविणे हे तिचे साध्य नव्हे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅचूसेट्स विद्यापीठात सजगतेवर आधारित तणावनिवारणाचा अभ्यासक्रम सुरू केला. महाराष्ट्रात सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) यांच्या प्रेरणेने इगतपुरी येथे १९७६ मध्ये ‘धम्मगिरी’ हे विपश्यना केंद्र स्थापन झाले. तेथील दहा दिवसांच्या शिबिरात मौन पाळून श्वासाचे व शारीरिक संवेदनांचे तटस्थ निरीक्षण करतात आणि अखेरीस मैत्रीभावनेचा अभ्यास करतात.

मर्यादा : सकारात्मक विचार म्हणजे अप्रिय सत्य नाकारणे असा अर्थ केल्यास मनःशांतीऐवजी आत्मवंचना पदरी पडते. दारिद्र्य, अन्याय वा रोग यांनी पीडित माणसाच्या दुःखाचा दोष त्याच्याच विचारांना देणे हे करुणेच्या विरुद्ध होय. तसेच अवसादासारख्या मनोविकारात वैद्यकीय उपचार व आप्तेष्टांची सोबत आवश्यक असते. चिंतन, ध्यान इ. साधने त्यांना पूरक ठरू शकतात. त्यांची जागा घेऊ शकत नाहीत.