एका ‘फूट’ची अनेक पावले

वर्गातील फूटपट्टी जमिनीवर ठेवा आणि तिच्याशेजारी आपले पाऊल टेकवा. बहुतेकांचे पाऊल पट्टीपेक्षा आखूड भरेल. तरीही इंग्रजीत या दोन्हींसाठी एकच शब्द आहे : फूट. मराठीने तो लांबीच्या अर्थाने उचलला. इंग्रजीत मात्र तो कितीतरी ठिकाणी भेटतो.

फूट म्हणजे मुळात पाऊल. पाऊल शरीराच्या तळाशी असते. म्हणून डोंगराचा पायथा, पानाचा तळ आणि पलंगाची पायथ्याकडील बाजू हेही फूटच. बिलाच्या तळाशी बेरीज मांडतात, त्यावरून ‘बिल फूट करणे’ म्हणजे बिलाचे पैसे चुकते करणे. इंग्रजी कवितेत ओळीचे जे ठेक्याचे तुकडे पडतात, त्यांतील प्रत्येक तुकडा फूट. गोगलगाय ज्या मांसल भागावर सरकते, त्यालाही प्राणिशास्त्रज्ञ फूट म्हणतात. भूमितीत लंब रेषेला जेथे मिळतो, तो बिंदू लंबाचा फूट. आपण त्याला ‘लंबपाद’ म्हणतो.

हा ‘पाद’ आणि तो ‘फूट’ एकमेकांचे नातेवाईक आहेत, हे सांगितले तर आश्चर्य वाटेल! संस्कृतात जेथे ‘प’ आहे, तेथे इंग्रजीत पुष्कळदा ‘फ’ आढळतो आणि ‘द’च्या जागी ‘ट’. पितृ आणि फादर, दश आणि टेन, द्वि आणि टू या जोड्या पाहा. याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने १८२२ मध्ये हा नियम सविस्तर मांडला. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी थोरला तो हाच. आपल्या ‘पाद’नेही कमी अर्थ घेतले नाहीत. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. त्यातूनच पाव, सव्वा आणि पाऊण हे शब्द आले.

बोलण्यात एका शब्दाचे दहा अर्थ असले तरी बिघडत नाही. संदर्भावरून आपण नेमका अर्थ ओळखतो. मापाचे तसे नाही. पूर्वी पॅरिसचा फूट सुमारे ३२.५ सेंटिमीटर, तर ॲमस्टरडॅमचा सुमारे २८.३ सेंटिमीटर होता. दोन्ही गावांत ‘दहा फूट कापड’ मागितले, तर हाती येणारे कापड वेगवेगळे! शेवटी १९५९ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सहा देशांनी एक फूट म्हणजे बरोबर ०.३०४८ मीटर असे ठरवले. आता फुटाचा कुणाच्याही पावलाशी संबंध उरला नाही. तो मीटरवर उभा राहिला.

तरीही अमेरिकेत जमिनीच्या मोजणीसाठी जुना फूट चालूच राहिला. तो नव्या फुटापेक्षा एका मीटरच्या सुमारे सहा कोट्यांश भागाने मोठा होता. एवढ्याशा फरकाने काय होणार? गुणून पाहा. दहा लाख फुटांवर, म्हणजे सुमारे ३०५ किलोमीटरवर, दोन फुटांची तफावत पडते. एकाच बिंदूचे स्थान दोन नकाशांत दोन ठिकाणी येऊ लागले, तर पूल किंवा इमारत उभारणाऱ्या अभियंत्याने कोणत्यावर विश्वास ठेवायचा? म्हणून २०२२ च्या अखेरीस अमेरिकेने हा जुना फूट रद्द केला.

आता तुम्ही एक प्रयोग करा. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे आपला जुना ‘हात’. पाच मित्रांचे हात सेंटिमीटरमध्ये मोजा आणि आकडे फळ्यावर लिहा. ‘दहा हात दोरी आण’ असे सांगितले, तर प्रत्येक जण किती दोरी आणील, याचा हिशेब करा. मापाच्या शब्दाला एकच अर्थ का लागतो, हे तुमचे तुम्हालाच पटेल.