कपड्यावरची हळद लाल का होते?

शाळेविना शिक्षण म्हटले की घरात भरवलेली दुसरी शाळाच डोळ्यांपुढे येते. अमेरिकन शिक्षक जॉन होल्ट यांनी १९७७ साली ‘अनस्कूलिंग’ हा शब्द रूढ केला तो नेमका याच्या उलट अर्थाने. मूल घरच्या व्यवहारात वावरते; प्रश्न त्याचा, वेगही त्याचा.

सांगली ही हळदीची जुनी पेठ. साताऱ्यातही हळद पिकते. इथल्या घरात धुणे धुताना पिवळ्या डागाला साबण लागतो, डाग लाल होतो आणि मूल विचारते, “रक्त कुठून आलं?” ‘आम्लारी’ हा शब्द लगेच सांगून टाकला तर प्रश्न तिथेच संपतो, असे आम्हाला वाटते. त्यापेक्षा हळदीचे पाणी आणि चार वाट्या पुढ्यात ठेवाव्यात. साबणाने पाणी लालसर होते, त्यातच लिंबू पिळले की पुन्हा पिवळे. खाण्याच्या सोड्याने रंग थोडाच बदलतो. चुन्याची निवळी मात्र मोठ्यांनीच ओतावी, डोळ्यांना इजा होते. आम्लारीत हळदीतल्या कर्क्युमिनच्या रेणूतून हायड्रोजनचे आयन निघून जातात. मग तो रेणू प्रकाशातले वेगळे रंग शोषतो. हळदीपासून कुंकू होते तेही असेच, हे आजी सांगेल.

अर्थात, आईवडील पहाटेच ऊसतोडीला जातात त्या घरात ही सवड नसते. तिथे शाळा सुटणे ही निवड नव्हे, नाइलाज असतो. त्या मुलांना शाळाच हवी.

आणि मूल दोन वाट्यांनंतर खेळायला पळाले तर? पळू द्यावे. पंधरा दिवसांनी ते जास्वंदीचे फूल घेऊन साबणाकडे येईलही.