प्रायोजक आणि नाट्यसंहिता
‘प्लेहाउस ९०’ (१९५६-६०) ही ‘सीबीएस’ या अमेरिकी दूरचित्रवाणी-वाहिनीवरील प्रायोजित नाट्यमालिका. तिचे दीड तासाचे प्रत्येक नाटक स्वतंत्र असे. १६ एप्रिल १९५९ रोजी तीत अ‍ॅबी मान यांचे ‘जजमेंट अ‍ॅट न्यूरेम्बर्ग’ हे नाझी न्यायाधीशांवरील खटल्याचे नाटक सादर झाले. प्रायोजकांत घरगुती इंधन-वायू पुरविणाऱ्या उद्योगाची संघटना होती. आपल्या मालाच्या नावाला नरसंहाराची सावली नको, म्हणून ‘गॅस चेंबर’च्या उल्लेखांतील ‘गॅस’ हा शब्द प्रक्षेपणात ध्वनी बंद करून गाळण्यात आला. नटाने शब्द उच्चारला, प्रेक्षकाने मात्र ऐकला नाही. त्यामुळे अशा नाटकांच्या तौलनिक अभ्यासात लिखित संहिता व प्रक्षेपित प्रयोग यांना एकच पाठ मानता येत नाही. या दोहोंतील अंतर हाच प्रायोजकाच्या सत्तेचा पुरावा होय.