मोडीत जाण्याआधी

सातपुड्यातून उतरलेली पूर्णा अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्हे ओलांडून चांगदेवला तापीला मिळते. तिच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत विहिरीला पाणी लागले तरी ते खारट लागते. या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि धुणे तर दुप्पट मेहनत मागते.

गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली शेंडगावच्या परीट कुटुंबात झाला आणि त्यांचे बालपण गेले ते मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात, याच पूर्णाकाठच्या मुलखात. धुणे हा तेव्हा एका जातीवर लादलेला व्यवसाय होता. बाकी घरांत ते बायकांच्या वाट्याला होते, आणि अजूनही बहुतेक घरांत आहे. म्हणून वॉशिंग मशीनची दुरुस्ती मला हौसेची गोष्ट वाटत नाही. मशीन बंद पडली की कपड्यांचा ढीग त्याच दिवशी घरातल्या बाईच्या मनगटांवर येऊन पडतो. चादरी, जीन्स, शाळेचे गणवेश, सगळे पुन्हा हाताने. आणि ती बंद पडते, ती बहुतेक वेळा एखाद्या किरकोळ भागापायी.

दोन टबांची मशीन इथे का टिकली

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून दोन टबांची सेमी-ऑटोमॅटिक मशीन मराठी मध्यमवर्गाच्या घरात येऊ लागली. तिचा प्रसार करण्यात औरंगाबादच्या व्हिडिओकॉनचा वाटा मोठा होता. पुढे बटण दाबताच सगळे काही स्वतः करणाऱ्या मशीन आल्या, तरी वऱ्हाडात जुनी जोडटब हटली नाही. त्याचे कारण नळाला विचारावे. अकोल्याला काटेपूर्णा नदीवरच्या महान धरणातून पाणी येते, पण ते रोज येत नाही. मध्ये काही दिवस जातात आणि टंचाईत हे अंतर वाढते. अमरावतीची तहान मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याचे अप्पर वर्धा धरण भागवते. साठवलेल्या पाण्यावर संसार चालवणाऱ्या घराला हाताने पाणी भरता येणारी मशीनच सोयीची पडते. टाकीतले पाणी बादलीने ओतता येते, एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत कपडे फिरवता येतात आणि कपडे खळबळून उरलेले पाणी अंगण धुवायला किंवा संडासात वापरता येते. फुल-ऑटोमॅटिकला मात्र नळाला पुरेसा दाब लागतो. तो कमी पडला की टब भरायलाच वेळ जातो किंवा मशीन मध्येच थांबून चूक दाखवते.

आत काय असते

मागचे झाकण उघडले की जोडटब मशीन लगेच समजते. दोन मोटारी, एक बेल्ट, दोन टायमर, मोटारींचे कंडेन्सर आणि पाणी सोडण्याचा एक रबरी व्हॉल्व्ह. धुण्याची मोटार बेल्टने पुली फिरवते आणि पुली टबच्या तळाचा पल्सेटर, म्हणजे कपडे घुसळणारी चकती. टायमरमधले संपर्क आलटून पालटून मोटार उजवी-डावी फिरवतात. त्यासाठी मोटारीची दोन्ही वायंडिंग सारखी असतात. ड्रायरची मोटार थेट जाळीदार टोपल्याला जोडलेली असते आणि मिनिटाला तेराशे-चौदाशे फेरे घेते. ड्रायरचे झाकण उघडले की एक स्विच वीज तोडतो आणि ब्रेकची पट्टी टोपले थांबवते.

"मशीन काहून फिरून नाही राहिली?" हा प्रश्न इथल्या मेकॅनिकला रोज ऐकावा लागतो. उत्तर बहुधा आवाजात असते. मोटार नुसती हूं-हूं करत असेल तर आधी प्लग काढून पल्सेटर हाताने फिरवून पाहावा. तो अडत असेल तर खाली नाणे, बटण किंवा पिन अडकलेली असते. मोकळा फिरत असेल तर संशय कंडेन्सरवर. धुण्याच्या मोटारीला साधारण १० आणि ड्रायरला ५ मायक्रोफॅरडच्या आसपासचा कंडेन्सर असतो. नवा घेताना जुन्यावरचे आकडे जुळवूनच घ्यावा. मोटार फिरते पण पल्सेटर उभा, तर बेल्ट ढिला झाला किंवा तुटला. त्याचा नंबर त्याच्यावरच छापलेला असतो आणि मोटारीचे बोल्ट सैल करून ताण बसवता येतो. ड्रायर हुंकारतो पण टोपले फिरत नाही, तेव्हा ब्रेकची वायर तुटून पट्टी आवळलेली असू शकते. टबात पाणीच थांबत नसेल तर व्हॉल्व्हच्या तोंडात दोरा किंवा कापडाचा धागा शोधावा.

हात घालण्यापूर्वी तीन नियम मात्र मोडायचे नाहीत. प्लग बाहेर काढलेला हवा. नुसते बटण बंद करून भागत नाही. कंडेन्सर प्लग काढल्यावरही वीज धरून ठेवतो, म्हणून टेस्ट लॅम्पच्या दोन तारा लावून ती उतरवावी. आणि तारा सोडण्याआधी मोबाईलवर फोटो काढावा, कारण तारांचे रंग प्रत्येक कंपनीत वेगळे असतात. अर्थिंग नसलेल्या बोर्डावर ओल्या हाताने मशीन चालवणे हा जिवाशी खेळ आहे; मोटार बदलण्याआधी अर्थिंग तपासून घ्यावे.

वऱ्हाडी रोग

काही बिघाड या मुलखाचे खास आहेत. खारट, जड पाण्याने पत्र्याचा तळ गंजतो आणि पल्सेटरच्या खाली क्षारांचा थर बसतो. पल्सेटरच्या शाफ्टभोवतीच्या सीलचे रबर झिजले की पाणी शाफ्टवरून खाली झिरपते, बेअरिंग गंजून खरखर सुरू होते आणि शेवटी थेंब मोटारीवर पडतात. पहिली खरखर ऐकूनच सील बदलले तर पुढचा सगळा खर्च वाचतो. क्षार काढायला कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून मशीन रिकामी फिरवावी. त्यात ब्लीचिंग मात्र कधीही मिसळू नये, विषारी वायू सुटतो.

दुसरा शत्रू ऊन. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. गच्चीवर किंवा मोरीबाहेर उघड्यावर ठेवलेल्या मशीनचे प्लॅस्टिक तडकते, पाइप कडक होतो, बेल्ट वाळतो. तिसरा शत्रू उंदीर. मशीनचा तळ उघडा असतो आणि तारांचे आवरण कुरतडायला सोपे. खाली जाळी बसवली आणि मशीन स्टँडवर उचलून ठेवली की गंज आणि उंदीर दोन्ही लांब राहतात.

फुल-ऑटोमॅटिकमध्येही पाण्याच्या तोंडाची गाळणी, सस्पेन्शनचे चार दांडे, ड्रेन मोटार हे भाग बदलता येतात. अडते ते इलेक्ट्रॉनिक कार्डापाशी. ते राळेत बुडवलेले असते, त्यामुळे उघडून जोडणे अवघड जाते. जुने कार्ड मिळेनासे झाले की धड मोटार आणि धड टब असलेली मशीन भंगारात निघते.

सुटे भाग कोण देणार?

व्हिडिओकॉनवर २०१८ साली दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. तरीही तिच्या जोडटब मशीन चालवता येतात, कारण बेल्ट, कंडेन्सर, टायमर हे भाग कुठल्या एका कंपनीचे मिंधे नाहीत. नव्या मशीनबद्दल ही खात्री नाही. युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे महत्त्वाचे सुटे भाग किमान १० वर्षे उपलब्ध ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ ला त्याचे पोर्टल सुरू झाले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत वॉशिंग मशीनही आहे, पण त्यांत कंपन्यांवर टाकलेली जबाबदारी मशीन मोडीत निघाल्यानंतरची. मोडीत निघण्याआधीची वर्षे वाढवणारा कायदा आपल्याला हवा आहे. मशीनसोबत वायरिंगचा नकाशा द्यावा, कार्ड १० वर्षे मिळावे आणि ते बाहेरच्या मेकॅनिकलाही विकले जावे, एवढी तरी मागणी ग्राहक पंचायतींनी लावून धरावी.

तोवर घरात करण्यासारखे पुष्कळ आहे. एक टेस्टर, एक मल्टिमीटर, पाने आणि पक्कड एवढ्यावर निम्मे बिघाड ओळखता येतात. हे शिक्षण मुलाइतकेच मुलीला आणि सुनेलाही मिळाले पाहिजे, कारण मशीन थांबल्याचा भुर्दंड तिलाच पडतो. आणि भंगारवाला दारात आला असेल तर सौदा करण्याआधी बेल्ट, कंडेन्सर आणि सील एवढे तीन भाग जरूर तपासावेत. मोटार आणि टब धड असतील तर मशीन देऊ नये.