समुद्रात उतरण्याचा निर्णय घरीच घ्यावा

परभणी जिल्ह्यातील ज्येष्ठांना गंगाखेडची गोदावरी परिचयाची, येलदरीचा जलाशयही परिचयाचा. समुद्राशी मात्र गाठ क्वचितच पडते. त्यामुळे मुलानातवंडांसह मालवणला जाण्याचा बेत ठरला, की उत्साहासोबत एक प्रश्नही उभा राहतो : आजी-आजोबांनी सिंधुदुर्ग किल्ल्यावर जावे काय? समुद्रात उतरावे काय? याचे उत्तर नावेत बसल्यावर, सर्वांच्या आग्रहात शोधू नये. आपल्या डॉक्टरांशी बोलून ते घरीच ठरवावे.

आपल्याकडचा उन्हाळा कडक, पण कोरडा असतो. घाम वाळतो आणि शरीर निवते. किनाऱ्यावरील दमट हवेत घाम वाहतो, वाळत नाही. म्हणून तुलनेने कमी तापमानातही थकवा येतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असाल, तर उठताना चक्कर येण्याचा संभव असतो. यासाठी हिवाळ्यातील दिवस निवडावेत. लांबच्या प्रवासानंतरचा पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा.

शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर या जलदुर्गाची उभारणी सुरू केली. आतील शिवराजेश्वराचे मंदिर आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आवर्जून पाहाव्यात. मात्र धक्क्यावरून हलत्या नावेत पाऊल टाकताना तोल जातो. तेथे कोणाचा तरी हात धरावा. गुडघे दुखत असतील, तर तटावर चढण्याचा अट्टहास नको. मंदिराचे दर्शन घडले, तरी ही भेट सार्थकी लागते.

किल्ल्याच्या आसपास स्नॉर्केलिंग करतात. मुखवटा लावून, तोंडातील नळीने श्वास घेत पाण्याखालचे मासे पाहायचे, असा हा प्रकार. दिसायला सोपा असला, तरी पाण्याच्या दाबाने पायांकडील रक्त छातीकडे सरकते आणि हृदयावरचा भार वाढतो. नळीतून श्वास ओढण्यासही अधिक श्रम पडतात. हृदयविकार, दमा, अनियंत्रित रक्तदाब, फिट येणे, कानाच्या पडद्याला छिद्र किंवा नुकतीच झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असल्यास डॉक्टरांच्या स्पष्ट संमतीविना पाण्यात उतरू नये. कवळी सैल असेल, तर नळी दातांत धरता येत नाही. चष्मा व श्रवणयंत्र काढून ठेवावे लागते, तेव्हा हाताच्या खुणा आधीच ठरवून घ्याव्यात. जीवरक्षक जॅकेट अंगावर असावे आणि माहीतगार माणूस हाताच्या अंतरावर. धाप लागली, खोकला आला किंवा छाती भरून आली, तर तत्काळ बाहेर यावे.

मधुमेहींनी वाळूत अनवाणी चालू नये. पायांची संवेदना कमी असल्यास चटका किंवा शिंपल्याची जखम कळत नाही. इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी गोळी घेतल्यावर जेवण लांबू देऊ नये. ज्वारीच्या भाकरीऐवजी ताटात भात आणि तांदळाची भाकरी येते, तेव्हा प्रमाण सांभाळावे. सुरमईचे काटे काढणे सोपे, बांगड्याला सावकाशीने वेळ द्यावा. तिसऱ्या प्रथमच खाणाऱ्यांनी थोड्याच घ्याव्यात. गाउट असल्यास टाळाव्यात. सोलकढीचा आस्वाद जरूर घ्यावा, फक्त मीठ बेताचे असावे.

घरच्यांना एक विनंती. ज्येष्ठांनी ‘नको’ म्हटले, तर तो भित्रेपणा समजू नका आणि किनाऱ्यावरचे सामान राखण्याचे कामही त्यांच्यावर सोपवू नका. आळीपाळीने त्यांच्याजवळ बसा. आयुष्याच्या उत्तरार्धात प्रथमच भेटलेला समुद्र काठावरून पाहतानाही सोबत हवीशी वाटते.