चामड्याच्या पर्सला खोबरेल चोळू नका!

इंदूरच्या विजय नगर चौकातून आग्रा-मुंबई रस्त्याने निघालं की देवास जेमतेम ३५ किलोमीटर. तिथे टाटांनी चामडं कमावण्याचा मोठा कारखाना उभारला. इंदूरच्या चामड्याच्या खेळण्यांना तर भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. चामड्याची जाण इतकी जवळ असूनही घरातली पर्स जुनी दिसायला लागली की आपण खोबरेलाची बाटली नाहीतर बुटांच्या पॉलिशची डबी शोधतो आणि बरी पर्स बिघडवून बसतो.

बाजारातल्या बहुतेक पर्सना चामड्यावर रंगाचा आणि त्यावर पारदर्शक संरक्षक असा पातळ लेप असतो. कोपरे पांढरे पडतात, पट्टा काळवंडतो, तेव्हा झिजलेला असतो तो हा लेप. खालचं चामडं बहुधा ठणठणीत असतं. हे ध्यानात ठेवलं की पुढचे गैरसमज आपोआप सुटतात.

गैरसमज : पर्सचे पापुद्रे निघायला लागले, म्हणजे चामडं खराब झालं.
वस्तुस्थिती : पापुद्रे निघून खाली विणलेलं कापड दिसत असेल, तर ते चामडं नव्हेच. ते रेक्झिन किंवा पीयू (पॉलियुरेथेन). दमट हवेत पीयूचा थर रासायनिकरीत्या तुटत जातो, त्यावर कुठलंही क्रीम चालत नाही. आतल्या खिशाची किंवा पट्ट्याची कापलेली कड बघा. चामड्याच्या कडेला गुंतलेले, केसाळ तंतू दिसतात. चुरा डिंकात बांधून केलेलं चामडंही मिळतं, त्याचेही असेच पापुद्रे निघतात. अशा पर्सवर रंगाचा खर्च करू नये.

गैरसमज : चामडं सुकलं की खोबरेल चोळावं.
वस्तुस्थिती : लेप असलेल्या चामड्यात तेल नीट शिरत नाही. जिथे लेप उडालाय तिथेच मुरतं आणि डाग पाडतं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. इंदूरच्या जानेवारीतल्या रात्री पारा १० अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा मुरलेलं तेल पांढुरकं दिसू लागलं तर नवल नाही. शिवाय तेलकट जागेवर नंतर रंग धरत नाही. चामड्यासाठीचं कंडिशनर वाटाण्याएवढं घ्या, फडक्याने पसरा, जास्तीचं पुसून टाका.

गैरसमज : साबणाने स्वच्छ होते.
वस्तुस्थिती : चामडं मुळात किंचित आम्लधर्मी असतं, त्याचा सामू साधारण साडेतीन ते पाच. अंगाचा किंवा कपड्यांचा साबण नऊ-दहापर्यंत जातो. वारंवार साबण लागला की चामडं ताठरतं, लेपही कमकुवत होतो. घट्ट पिळलेलं ओलं फडकं आणि चामड्याचं सौम्य क्लीनर पुरेसं. व्हिनेगरचे घरगुती प्रयोगही नकोत.

गैरसमज : बूट पॉलिश केलं की रंग परत येतो.
वस्तुस्थिती : पॉलिश म्हणजे मेण आणि थोडा रंग. बुटावर चालतं, कारण बूट कपड्यांना घासत नाही. पर्स दिवसभर कुर्त्याला, साडीला लागून असते. मे महिन्याच्या उकाड्यात मेण मऊ होतं आणि रंग साडीवर उतरतो.

गैरसमज : पावसाळ्यातली बुरशी उन्हात वाळवली की जाते.
वस्तुस्थिती : कडक उन्हाने रंग फिका पडतो, चामडं आखडतं. हेअर ड्रायरनेही तेच होतं. पर्स गच्चीत किंवा बाल्कनीत नेऊन बुरशी मऊ ब्रशने झाडा, म्हणजे घरात पसरणार नाही. मग सावलीत, वाऱ्यावर ठेवा. बुरशी परत येते ती बहुधा साठवणीमुळे : पर्स प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात. प्लास्टिकऐवजी जुन्या सुती ओढणीची पिशवी वापरा, आत कोरा कागद भरा. वर्तमानपत्राची शाई अस्तराला लागते.

गैरसमज : रंगवणं म्हणजे ब्रश आणि कुठलाही अॅक्रेलिक रंग.
वस्तुस्थिती : कॅनव्हासचा रंग वाळल्यावर कडक होतो आणि पर्स वाकली की तडकतो. चामड्याचा लवचीक रंग वेगळा मिळतो. आधी परीक्षा घ्या : तळाशी पाण्याचा एक थेंब टाका. थेंब तसाच बसला तर लेप आहे, रंगवता येईल. लगेच मुरून डाग गडद झाला तर चामडं उघडं आहे, हात आखडता घ्या. स्वेड आणि नुबक या मखमली चामड्यांवर हा लेपाचा रंग लावूच नये.

पुढचं काम संयमाचं. खिडक्या उघडून, गॅस-दिव्यापासून लांब बसून, कापसावर थोडं अॅसिटोन घेऊन झिजलेल्या भागावरची चमक हलकेच काढायची. कोपरा खरबरीत असेल तर ६०० नंबरचा पॉलिश पेपर दोन-चार वेळा फिरवायचा. मग स्पंजच्या तुकड्याने रंगाचा अगदी पातळ हात. पहिल्या हाताला पर्स भयाण, ठिपकेदार दिसते आणि इथेच लोक घाबरून जाड थर चढवतात. थांबायचं, वाळू द्यायचं, पुन्हा पातळ हात. तीन-चार हातांत रंग एकसारखा होतो. शेवटी पारदर्शक फिनिश, आणि काही दिवस वापर बंद. गडद रंगावर फिका रंग अशा लेपाने चढवता येतो. मुरणाऱ्या डायने ते होत नाही, त्याने रंग फक्त गडद करता येतो.

गैरसमज : मनासारखी सजवायची तर शिलाई मशीन काढावं.
वस्तुस्थिती : कापडाला पडलेलं सुईचं भोक बुजतं, चामड्याचं नाही. शक्यतो जुन्या भोकांतूनच, मेण लावलेल्या दोऱ्याने, दोन सुयांनी हाताने शिवा. दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोर जातात, म्हणून एक दोरा तुटला तरी दुसरा टाका धरून ठेवतो. पट्ट्याला जुन्या माहेश्वरी साडीचा काठ गुंडाळून टोकं शिवली, तरी पर्सचं रूप पालटतं आणि चामड्याला नवं भोकही पडत नाही.

गैरसमज : मोच्याकडे द्यायची तर घरी कशाला करायचं?
वस्तुस्थिती : कामं वाटून घ्यावीत. सफाई, रंग, सजावट घरी. चेनचा रनर, तुटलेली कडी, फाटलेला पट्टा मोच्याकडे. त्याच्या आरीची आणि हाताची सर घरच्या सुईला येत नाही. महागड्या ब्रँडची पर्स पुढेमागे विकायची असेल, तर घरी रंगवू नका. रंग बदलला की किंमत उतरते.

अॅसिटोनचे बोळे आणि रंगाच्या बाटल्या ओल्या कचऱ्यात टाकू नका. आपल्या कचरागाडीला घातक घरगुती कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, तिथेच त्या जाऊ द्या. आणि नवी पर्स घ्यायला मॉलकडे निघण्याआधी जुनीच्या तळाशी पाण्याचा थेंब टाकून बघा. चामडं शाबूत असेल, तर गेलेला असतो फक्त लेप. तो घरी नवा चढवता येतो.